वकीलच ‘थांबा’ म्हणतो तेव्हा



बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एस. टी. स्थानकावर सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर एक गोष्ट तुमच्या नजरेस आली असेल. खेड्यापाड्यांतून आलेल्या गाड्यांतून काही माणसे उतरतात आणि बाजाराकडे न वळता सरळ कोर्टाच्या रस्त्याला लागतात. त्यांच्या काखेत कागदांची एक जुनी पिशवी असते. पिशवीत सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नकला, मोजणीचे नकाशे आणि वडिलांच्या वेळच्या दाव्याचे हुकूमनामे. कित्येक घरांत ही पिशवी बापाकडून मुलाकडे आलेली असते. जमिनीची वाटणी होते, भांड्यांची वाटणी होते, पण ही पिशवी मात्र अखंड राहते.

आज मी या पिशवीविषयी चार शब्द बोलणार आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याच्या मागे गावात कोणी नाही, त्याला कोर्टाची पायरी हाच आधार असतो. म्हणून पायरी चढूच नये असे मी सांगणार नाही. पायरी चढल्यावर उतरायचे केव्हा, हा खरा अवघड प्रश्न आहे. विशेष असे की, तो प्रश्न एका वकिलानेच माझ्यासमोर सोडवून दाखवला.

त्याचे असे झाले. इंदापूर तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर बागायत झालेले एक गाव आहे. गावाचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि नाव न सांगितल्याने कोणाचे नुकसान होणार नाही. तिथल्या एका विद्यार्थ्याचे वडील माझ्या ओळखीचे. सारे गाव त्यांना तात्या म्हणते, मीही तात्याच म्हणेन. 2018 साली एक दिवस तात्या माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, उद्या बारामतीला वकिलाकडं जायचंय. कागद लई झाल्यात, मला काय समाजंना. तुमी संगं चला.”

तंटा चुलतभावाशी होता. आजोबांची जमीन दोन मुलांत वाटली गेली आणि मधे बांध पडला. 1988 साली नांगरटीच्या वेळी तो बांध सरकला, असे तात्यांच्या वडिलांचे म्हणणे. बांध कधी सरकलाच नाही, असे चुलत्याचे म्हणणे. तात्यांच्या वडिलांनी मनाई हुकुमासाठी दावा लावला. त्याला उत्तर म्हणून चुलत्याने बांधावरची बाभळ तोडल्याची फिर्याद दिली. त्या फिर्यादीला उत्तर म्हणून पाइपलाइन अडवल्याची तक्रार झाली. पोलिसांनी दोघांनाही शांततेचा जामीन देण्यासाठी तहसीलदारांपुढे उभे केले. 1999 साली दाव्याचा निकाल लागला, त्यावर अपील झाले, मोजणी पुन्हा करा म्हणून प्रकरण खाली परत आले, आणि नव्या मोजणीवर हरकत निघाली. एवढ्यात तात्यांचे वडील गेले, मग चुलते गेले. दावा मात्र हयात होता.

आता नवीन काय घडले होते? वडिलांच्या मागे तात्यांच्या नावाची वारस नोंद झाली, तिच्याविरुद्ध चुलतभावाने प्रांताकडे अपील केले होते. तात्यांचा संताप अनावर झाला होता. त्यांनी वाटेतच मला सांगून टाकले, “त्यानं एक टाकली, आपण तीन टाकायच्या. पाइपचोरीची फिर्याद, नुकसानभरपाईचा दावा, आन् अतिक्रमणाची येगळी केस. एकदा दाखवूच.”

वकीलसाहेब साठीच्या पुढचे होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तात्या, तीनच कशाला? तेरा टाकू. टाकायला काय लागतं? पण आधी एक हिशेब करू. सर, तुम्ही कागद घ्या.”

मी कागद घेतला. तो हिशेब मी पुढे वर्गात अनेकदा सांगितला आहे. माझ्या शिक्षक श्रोत्यांनी तो फळ्यावर जरूर मांडून पाहावा. बांधाची लांबी चारशे फूट. सरकला किती? चार फूट. म्हणजे सोळाशे चौरस फूट. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद, म्हणजे 1089 चौरस फूट. तेव्हा तंट्याची जागा झाली जेमतेम दीड गुंठा. एकरी चाळीस टन ऊस धरला तर एका गुंठ्यात एक टन निघतो, कारण एकराचे गुंठे चाळीसच. दीड गुंठ्यात दीड टन. टनाला तीन हजार रुपये धरा. एका पिकाचे साडेचार हजार, त्यातला निम्मा खर्च वजा. तीस वर्षांत पंचवीस पिके धरली आणि सगळ्या पिकांना आजचाच भाव लावला, तरी सव्वाछप्पन्न हजार रुपये.

“आता तारखा मोजा,” वकीलसाहेब म्हणाले. वर्षाला सहा-सात तारखा, तीस वर्षांत दोनशे. एका तारखेला गाडीभाडे, चहापाणी आणि बुडालेला रोज मिळून तीनशे रुपये धरले, तर साठ हजार झाले. वकिलाची फी, मोजणीची फी, नकलांचा खर्च यात धरलाच नव्हता. म्हणजे दीड गुंठा पहिल्या दिवसापासून तात्यांच्या ताब्यात असता, तरी त्याचे सगळे उत्पन्न नुसत्या जाण्यायेण्यात संपले असते.

तात्या कागदाकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, “साहेब, पैशाचा सवाल न्हाई. इज्जतीचा सवाल हाय.”

यावर एखाद्याने हसून विषय उडवला असता. वकीलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “बरोबर आहे. मग इज्जतीचाही हिशेब करू. तुमचे चुलते वारले तेव्हा तुम्ही मातीला गेला होता?”

बराच वेळ तात्या बोलले नाहीत. शेवटी खाली बघत म्हणाले, “निघालो हुतो. वेशीपतूर गेलो. मंडळी काय म्हणतील म्हनून मागं फिरलो. त्यांनीच लहानपणी मला पवायला शिकवलं हुतं.”

मंडळी, त्या खोलीत त्या वेळी मला जे समजले ते कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. तीस वर्षांत या माणसाने दीड गुंठ्यापेक्षा किती तरी मोठी गोष्ट घालवली होती, आणि ती परत मिळवून देण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नव्हता.

मग वकीलसाहेबांनी तिन्ही प्रकरणे एकेक करून तपासली. पाइप चोरताना पाहिला का? नाही. मग दुसऱ्या कोणी नेला नाही कशावरून? खोटी फिर्याद देणे हा स्वतःच गुन्हा आहे. नुकसानभरपाई कोणत्या साली झालेल्या नुकसानीची? बारा वर्षांपूर्वीच्या. असा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदत केव्हाच गेलेली. अतिक्रमणाची वेगळी केस? तोच बांध, तेच पक्षकार, आणि तोच प्रश्न पहिल्या दाव्यात चालू. एकच वाद दोन ठिकाणी चालवता येत नाही. दुसरा दावा तिथेच थांबून राहतो. “तात्या,” ते म्हणाले, “या तीनही केसेसमधनं तुम्हाला जमीन मिळणार नाही. त्याला त्रास होईल एवढंच. आणि त्याला झालेल्या त्रासाचं उत्तर तो पुन्हा तुम्हालाच देईल. माझी फी वाढेल, ते माझ्या फायद्याचं आहे. पण मी तुमचा वकील आहे, म्हणून सांगतो, थांबा.”

“मग गप बसायचं व्हय?” तात्यांनी विचारले.

“गप कोण म्हणालं? प्रांताकडच्या अपिलाला उत्तर द्यायचं, मुदतीत द्यायचं, आणि तारखेला हजर राहायचं. उत्तर देणं वेगळं आणि उलट वार करणं वेगळं.”

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो जरा उलगडून सांगतो. थांबा म्हणजे कोर्टाच्या कागदाकडे पाठ फिरवा असे नव्हे. दिवाणी दाव्याचे समन्स लागले की तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते. कारण सांगून कोर्टाकडून ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते. जो उत्तरच देत नाही आणि हजरही होत नाही, त्याच्या पाठीमागे एकतर्फी निकाल होतो. आणि एकतर्फी निकालाने काय अनर्थ होतो, हे आपल्या मुलखाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल.

आज बारामती तालुक्यात असलेले सुपे हे गाव आपल्या परिचयाचे आहे. 12 मे 1875 रोजी या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तसेच घडले. त्या दंग्यांत माणसांवर हात टाकण्याचे प्रकार थोडे झाले. लोकांना हवे होते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून घ्यायचे आणि जाळायचे, हाच बहुतेक ठिकाणी हेतू. असे का झाले? सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे जी कारणे आली त्यांत एक कारण हेही होते की, सावकार दावा लावी, अडाणी आणि दूर राहणारा कुळवाडी कोर्टात येतच नसे, आणि निकाल एकतर्फी होई. कागदाशी भांडता येईना, तेव्हा लोकांनी कागदच जाळला. म्हणून म्हणतो, कोर्टाकडे पाठ फिरवणे हा शहाणपणा नाही.

त्याच काळात पुण्यात एक वकील होते, गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. 1870 साली पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तिचे ते प्रमुख कार्यकर्ते. देशी कापड वापरण्याचा आग्रह त्यांनी धरला, हे पुष्कळांना माहीत असते. परंतु त्यांनी लवाद कोर्टाचाही पुरस्कार केला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. लोकांनी आपले तंटे आपल्याच विश्वासातल्या जाणत्या माणसांपुढे ठेवावेत, थोड्या खर्चात आणि थोड्या दिवसांत ते मिटावेत, अशी ती कल्पना होती. ज्याचे पोट कोर्टावर चालते त्याच माणसाने कोर्टाबाहेरचा रस्ता दाखवावा, ही परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे.

पुढे 1879 साली दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे जिल्हे त्यात आले. रोख्यावर जो आकडा लिहिला आहे त्यावर न थांबता, मुळात कर्ज किती दिले आणि व्याज किती चढले, हे न्यायाधीशाने मागे जाऊन पाहावे, असे त्या कायद्याने ठरवले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले. त्या कायद्यात समेट घडवणारे पंचही नेमले होते. आधी त्यांच्यापुढे जायचे, समेट झाला नाही तर त्यांचा दाखला घ्यायचा आणि मगच दावा लावायचा. कल्पना चांगली होती. पण अनेक ठिकाणी दाखला मिळवण्याची एक पायरी एवढेच तिचे स्वरूप उरले, आणि कालांतराने ती पद्धत बंद झाली. यातून घ्यायचा धडा असा की, समेटाची खुर्ची मांडली म्हणून समेट होत नाही. दोन्ही बाजूंना कोणी तरी हिशेब मांडून दाखवावा लागतो, आणि दोघांचीही मान राहील अशी वाट काढून द्यावी लागते.

ही वाट कशी काढावी, याचे एक उदाहरण परदेशातले आहे, पण माणसे आपलीच. 1893 साली मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेत गेले, ते दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या दाव्याच्या कामासाठी. दावा होता चाळीस हजार पौंडांचा, आणि प्रतिवादी तय्यब शेट हे दादा अब्दुल्लांचे नातलगच. म्हणजे ही भाऊबंदकीच, फक्त समुद्रापलीकडची. गांधींनी कागद बारकाईने वाचले, आपली बाजू भक्कम आहे अशी खात्री करून घेतली आणि मग दोघांना लवादाकडे जायला राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला; सदतीस हजार पौंड आणि खर्च. परंतु एवढी रक्कम एकदम द्यावी लागली असती तर तय्यब शेटांचे दिवाळे निघाले असते. तेव्हा गांधींनी जिंकलेल्या पक्षाकडे शब्द टाकला आणि लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवले आहे की, दोघांना लवादाकडे नेण्यापेक्षा हे हप्ते मान्य करून घेणे त्यांना जड गेले. ध्यानात घ्या मंडळी, समेट हरणाऱ्याने करायचा असतो अशी आपली समजूत आहे. इथे जिंकणाऱ्यानेच तो पुरा केला.

आता तुम्ही विचाराल, आज आमच्यासारख्याने जायचे कुठे? त्याची उत्तरे आहेत आणि ती दूरची नाहीत.

बांधाचा वाद असेल तर पहिली गोष्ट मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करता येते. बहुतेक तंट्यांत एकाने मोजणी मागायची आणि दुसऱ्याने हरकत घ्यायची, असे चालते. दोघांनी मिळून अर्ज केला, फी निम्मी-निम्मी भरली आणि मोजणीच्या दिवशी दोघेही शेतात उभे राहिले, तर निम्मा तंटा तिथेच विरतो.

दुसरी गोष्ट लोकन्यायालय. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याला पक्का आधार दिला. लोकन्यायालयात तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, तिच्यावर अपील नाही, आणि दाव्यासाठी भरलेली कोर्ट फी परत मिळते. कोर्टात न गेलेले प्रकरणही तिथे ठेवता येते. तडजोड तोंडी ठेवू नका. लिहा, सह्या करा, कोर्टात नोंदवून घ्या. तोंडी समेट पहिल्या पावसात वाहून जातो.

तिसरी गोष्ट गावातली. 15 ऑगस्ट 2007 रोजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या, कित्येक गावांना बक्षिसे मिळाली. समिती जिथे नावापुरती असेल तिथे तिचा उपयोग नावापुरताच. पण जिथे दोन-चार निःस्पृह माणसे आणि एखादे जुने गुरुजी तिच्यात बसले, तिथे तिने चांगले काम केले आहे.

आणि चौथी गोष्ट, एका खास प्रकारच्या तंट्यासाठी. आपल्याकडे एकत्रीकरणाच्या वेळी जमिनींचे गट पडले. काही ठिकाणी असे झाले की, कागदावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची. दोघेही पिढ्यान्पिढ्या एकमेकांची जमीन कसतात आणि कागदावरून भांडतात. यासाठी राज्य सरकारने 3 जानेवारी 2023 च्या निर्णयाने ‘सलोखा’ नावाची योजना काढली. शेतजमिनीचा असा परस्परांचा ताबा किमान बारा वर्षांचा असेल, तर अदलाबदलीचा दस्त मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपयांत करता येईल, अशी ती सवलत आहे. योजना मुदतीची आहे, तेव्हा आपल्या तलाठ्याकडे आधी चौकशी करा आणि मगच पुढचे पाऊल टाका.

मंडळी, इतके सांगितल्यावर एक इशारा दिला नाही तर माझे बोलणे अपुरे राहील. ‘मिटवून टाका’ हा शब्द गोड आहे, पण तो नेहमी सज्जनाच्याच तोंडी असतो असे नाही. पुष्कळदा बलवान माणूस दुबळ्याला मिटवून टाक म्हणतो. बहिणीचा वडिलांच्या जमिनीत हिस्सा आहे. 2005 सालच्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तिला माहेर तुटण्याची भीती घालून हक्कसोडपत्रावर सही घेणे याला समेट म्हणत नाहीत. मारहाण झाली, बाईमाणसावर हात टाकला, जातीवरून कोणाला हिणवले, तर ते पारावर मिटवायचे तंटे नव्हेत. अशा वेळी पायरी चढलीच पाहिजे. खर्चाची चिंता करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्नाची माणसे यांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

मग ओळखायचे कसे, कुठे लढायचे आणि कुठे थांबायचे? वकीलसाहेबांनी तात्यांना जे विचारले त्यातच मला त्याचे उत्तर सापडले. नवी केस टाकण्यापूर्वी स्वतःला विचारावे. मी जिंकलो तर माझ्या हाती नेमके काय येईल? ते या केसशिवाय दुसऱ्या वाटेने येईल का? आणि समोरच्याने काही केलेच नसते, तरी मी ही केस टाकली असती का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ती केस हक्कासाठी नाही, सूडासाठी आहे, असे खुशाल समजावे.

तात्यांचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. त्यांनी तीन केसेस टाकल्या नाहीत. त्या दिवशी मान्यही काही केले नाही. घरी गेले आणि पंधरा दिवस कोणाशी बोलले नाहीत. प्रांताकडे उत्तर मात्र वेळेवर दिले. त्यात चुलतभावाविषयी एकही वाकडा शब्द घालू नका, असे त्यांनी वकिलाला बजावले होते. ते उत्तर वाचून की काय, समोरच्या वकिलाकडून निरोप आला, मोजणी एकत्र करायची का?

मोजणी झाली. तीस वर्षे दोन्ही घरे आपापली रेघ खरी म्हणून सांगत होती. नकाशावर तिसरीच रेघ निघाली. बांध वरच्या अंगाला तात्यांच्या शेतात घुसला होता आणि खालच्या अंगाला चुलतभावाच्या. दोघेही निम्मे खरे आणि निम्मे खोटे. 2019 साली लोकन्यायालयात तडजोड झाली. दगड रोवले, पाइपलाइनला वाट दिली, सगळी प्रकरणे काढून घेतली.

दोघे भाऊ गळ्यात गळा घालून रडले, असे काही झाले नाही. तीस वर्षांचा अबोला एका सहीने जात नाही. परंतु पुढच्या तोडणीला दोघांच्या उसाला एकच टोळी लागली आणि ट्रॅक्टर बांधावरून सरळ गेला. त्यानंतरच्या दिवाळीत तात्या चुलतीच्या पाया पडून आले. चुलती म्हणाली, “यायला लई उशीर केलास रं.” तात्यांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

मंडळी, कागदांची अशी एखादी पिशवी तुमच्याही घरात खुंटीला असेल. आज सवड काढून ती खाली घ्या, कागद चटईवर मांडा आणि मुलाला हिशेब करायला बसवा. बांध किती फूट, गुंठे किती, तारखा किती. नंतर आपल्या वकिलाकडे जा आणि त्याला स्वच्छ विचारा, ‘साहेब, आता थांबलो तर माझं काय जाईल?’ वकील प्रामाणिक असेल तर तो खरे सांगेल. आणि तो ‘थांबा’ म्हणाला, तर रागावू नका. त्याच्या इतक्या वर्षांच्या वकिलीतला तो सर्वांत मोलाचा सल्ला असू शकेल.